गॅलरीतलं हसू

२७ ऑक्टोबर, रविवार

लेन्स आली! रत्नदीपने बोनसमधून आणली. मला न विचारता, न सांगता — ठाण्याला जाऊन, टेंभी नाक्याजवळच्या साईनाथच्या स्टुडिओतून. साईनाथ त्याचा लहानपणीचा शेजारी, लग्नाचे फोटो काढतो. त्याने म्हणे ठासून सांगितलं, वहिनींना हीच द्या, माणसाचं रूप बदलतं हिच्यातून.

कॅमेरा क्षिप्राचा, कॉलेजात असताना घेतलेला. लेक पुण्याला नोकरीला गेली तेव्हापासून कपाटात होता. मी अधूनमधून कुंड्यांचे फोटो काढायचे. ते त्याने बघून ठेवलं होतं तर! मला वाटायचं, हा हल्ली घरातलं काही बघतच नाही.

(इथे मी त्याला नावाने लिहिते, अरे-तुरे करून. समोर ‘अहो’. लग्न झाल्यापासून ‘अहो’. वहीत तेवढी मोकळीक.)

पंचाईत एकच. ही लेन्स लांबूनच चालते. हॉलमध्ये उभी राहिले तर नुसतं नाक मावतं. शेवटी त्याला गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि मी पार आत, स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ टेकून. मध्ये अख्खा हॉल. यापेक्षा लांब जायला घरच नाही.

पहिला फोटो बघितला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं नाहीत. हनुवटीवरचा ठिणगीचा डाग नाही. मागे एमआयडीसीच्या टाक्या, पाइप, तारा — सगळं विरघळून नुसते सोनेरी ठिपके झालेले. आणि मध्ये तो. हसणारा.

त्याला दाखवला. ‘हा कोण?’ म्हणाला.

३ नोव्हेंबर, रविवार

दर रविवारी दुपारचा चहा व्हायच्या आधी गॅलरीत बसायचं, असं न ठरवता ठरलंय. त्या वेळी ऊन तिरपं येतं आणि पडद्यातून गाळून पडतं. त्या उजेडात रत्नदीप देखणा दिसतो. खरंच दिसतो! लग्नात होता त्याहून.

मी सांगते, हनुवटी खाली घ्या. तो घेत नाही, नुसता बघत राहतो. पुन्हा सांगते, तरी नाही. मग मला कॅमेरा ठेवून, हॉल ओलांडून जावं लागतं आणि हाताने त्याचा चेहरा वळवावा लागतो. तीन वेळा झालं आज असं. मुद्दाम करतो! हात लागावा म्हणून. या वयात!

परत येऊन कॅमेरा डोळ्याला लावला तर मला हसू आवरेना. फोटो हलला.

५ नोव्हेंबर

विहारातल्या बायकांना फोटो दाखवले. ‘किती शांत चेहरा आहे गं यांचा.’ ‘असं बघणारा नवरा पाहिजे बाई.’ मी आपली मिरवत होते.

एकीने विचारलं, हल्ली वंदना घ्यायला पुढे का बसत नाहीत? किती छान घ्यायचे. मी म्हटलं, नव्या मुलांना संधी देतात. त्यानेच मला तसं सांगितलेलं.

८ नोव्हेंबर

डाळ जळली. मी आंघोळीला, हा हॉलमध्ये मोबाईलवर बातम्या वाचत. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय आणि हा ढिम्म! ओल्या केसांनी बाहेर येऊन ओरडले. दचकून बघितलं माझ्याकडे. काय बोलले मी — आळशी, दगड, आणि काय काय.

तेव्हा नाही हसला.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज एक गंमत लक्षात आली. कॅमेऱ्यामागून मला बोलता येतं.

एरवी आम्ही काय बोलतो? दूध, लाइटबिल, सोसायटीची मीटिंग. दिवा बंद केल्यावर तर काहीच नाही. मी बोलले तरी उत्तर येत नाही, मग मीही कूस बदलते. पण डोळ्याला कॅमेरा लावला की मी लपलेली असते. आणि तो लांब, उजेडात, माझ्याकडे तोंड करून. आज बोलत गेले. शाळेच्या लायब्ररीत दिवसभर कुणी माझ्याशी चार शब्द बोलत नाही, ते सांगितलं. क्षिप्रा गेल्यापासून संध्याकाळी घरी यायला पाय उचलत नाही, ते सांगितलं. तुमची आठवण येते, म्हटलं — तुम्ही घरात असताना येते.

मध्ये मध्ये क्लिक करत होते, म्हणजे फोटो काढतेय असं वाटावं.

तो हसत राहिला. एकदाही मध्ये तोडलं नाही, एकदाही घड्याळ बघितलं नाही. डोळे असे मऊ. मला वाटलं, इतक्या वर्षांत माझं इतकं शांतपणे कुणी ऐकलं नाही.

चाळीसेक फोटो निघाले. एकही टाकून द्यावासा वाटत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

क्षिप्राचा फोन. 

ऋतुराजचं मला मार्चपासून माहीत आहे. तिच्याच ऑफिसातला, घर बाळकुमला, मूळचे कराडकडचे. चांगला मुलगा आहे. भेटले आहे मी एकदा, ठाण्यात, चोरून. त्याच्या घरी त्याने सांगितलं. आई-वडील तयार आहेत, आपल्याकडे यायचं म्हणतात. ‘आई, आता बाबांशी तू बोल. मी फोन केला की ते म्हणतात रेंज नाही, मेसेज कर. हे काय मेसेजवर सांगू?’

कसं सांगू? त्यांच्या घरात गणपती, आपल्या घरात बुद्ध. मला काही नाही त्याचं. पण रत्नदीपला समीक्षा आठवणार. त्याची धाकटी बहीण. तिनेही बाहेर लग्न केलेलं, याच्याच पाठिंब्यावर. घरातले सगळे नको म्हणत असताना हा ‘हो’ म्हणाला, पुढे होऊन लावून दिलं. वर्षभरात परत आली. सासरी तिचा चहाचा कप मोरीजवळच्या फळीवर वेगळा ठेवायचे. तिने याला कधी दोष दिला नाही, पण हा बोलतो — ‘माझ्या एका हो म्हणण्यामुळे झालं.’ तेव्हापासून तो कशालाच चटकन हो म्हणत नाही.

आजचे फोटो वाईट आले. लक्ष फोटोत नव्हतं. विषय काढलाच नाही.

१ डिसेंबर, रविवार

सांगितलं! सांगून टाकलं!

समोर बसून जमलंच नसतं. म्हणून कॅमेऱ्यामागून. ओट्याला पाठ घट्ट टेकली, कॅमेरा डोळ्याला, आणि म्हटलं — अहो, एक सांगायचंय. क्षिप्राचं आहे. तिने मुलगा पसंत केलाय. बाळकुमचे आहेत. आपल्यातले नाहीत.

क्लिक.

लेन्समधून त्याच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यासुद्धा दिसत होत्या. एकही हलली नाही. मी म्हटलं, समीक्षाचं मला माहितीये. पण सगळी माणसं सारखी नसतात. पोरीचा जीव आहे त्याच्यावर. आणि ती तुमच्या शब्दाशिवाय पुढे जाणार नाही, एवढं तिने मला सांगितलंय.

क्लिक.

चालेल ना तुम्हाला?

आणि तो हसला. आधीही हसत होता, पण आता जरा जास्त. मान किंचित कलती केली, जशी क्षिप्रा लहान असताना तिच्या बोबड्या गाण्याला करायचा. मी बटण दाबलं, कसं दाबलं ते मला माहीत नाही, कारण समोरचं सगळं पाण्यात गेलं होतं.

कॅमेरा खाली घेतला तेव्हा म्हणाला, ‘चहा टाकतेस?’

एवढंच! इतकी मोठी गोष्ट, आणि चहा टाकतेस! मी डोळे पुसत चहा टाकला. आल्याचा, त्याला आवडतो तसा. मनात म्हटलं, किती मोठं मन आहे या माणसाचं, आणि मी त्याला डाळीवरून दगड म्हटलं.

तो फोटो क्षिप्राला पाठवला. खाली लिहिलं — हा बघ, ऐकल्यावरचा बाबांचा चेहरा.

२ डिसेंबर

क्षिप्रा ऑफिसच्या जिन्यात बसून रडली म्हणे. फोटो ऋतुराजकडे गेला, तिथून बाळकुमला. त्याची आई म्हणाली, ‘व्याही हसतमुख आहेत.’

६ डिसेंबर

दादरला जाऊन आलो. दरवर्षीसारखेच. गर्दीत त्याने माझा हात सोडला नाही, अगदी रांगेतसुद्धा. हाताला वळ उठले.

लग्नाचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. भीती वाटते, पुन्हा बोलले तर विचार बदलेल. एकदा हसलाय ना — बास.

१२ डिसेंबर

पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं, रविवारी बाळकुमची माणसं येणार आहेत. पाठीमागून ‘हं’ आलं. सुटले.

१५ डिसेंबर, रविवार

कुठून लिहू.

क्षिप्रा सकाळीच पुण्याहून आली. बॅग टाकून सरळ बाबांच्या गळ्यात. त्यांच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली, ‘थँक यू बाबा.’ त्याने पाठीवर थोपटलं. ‘जाड झालीस,’ म्हणाला. ती हसली, मी हसले. काय सकाळ होती!

मी त्याचा इस्त्रीचा निळा शर्ट काढून पलंगावर ठेवला. त्याने घातला आणि जाऊन गॅलरीतल्या खुर्चीत बसला. फोटोसाठी! मी हाताने खूण केली, आज नाही, आत या. तो जरा हिरमुसला. तेव्हा तरी कळायला हवं होतं.

बेल वाजली. तो तसाच बसलेला. क्षिप्राने दार उघडलं. ऋतुराजचे वडील महिपतराव, आई मालनताई आणि मागे तो, पेढ्यांचा पुडा घेऊन. ऋतुराज आत येताच ‘जय भीम काका’ म्हणाला, जरा अडखळत. पाठ करून आला असावा. रत्नदीप उठला, हात जोडले, बसा म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात प्रश्न होता. मला वाटलं, पाहुण्यांसमोर अवघडलाय.

महिपतराव बोलके. पण भरघोस मिशा, त्यात बशीत तोंड घालून बोलायची सवय. म्हणाले, तुमचा फोटो बघितला आणि हिला म्हटलं, या माणसाशी आपलं जमणार. आमच्या भावकीत चार लोक बोलतील, बोलू द्या. लग्न दोन्ही पद्धतीने करू. तुमची काही हरकत?

रत्नदीप हसला.

 ते हसू मी ओळखलं. तेच होतं. गॅलरीतलं. मान तशीच किंचित कलती. मध्ये लेन्स नव्हती, मी तीन फुटांवर होते, आणि त्या हसण्यामागचा माणूस घाबरलेला होता.

मालनताईंनी विचारलं, ‘तुमचे आई-वडील गावाला असतात का?’

‘हो, हो,’ तो म्हणाला.

त्याचे आई-वडील दोघंही गेलेत. क्षिप्राचा हात ट्रेवर तसाच राहिला. महिपतरावांना वाटलं, ऐकण्यात काही राहिलं. त्यांनी पुन्हा काही विचारलं, याने पुन्हा मान हलवली. ‘हो, हो. चहा घ्या.’  बुद्धांच्या फोटोसमोर छताचा पंखा फिरत होता, त्याचाच तेवढा आवाज.

मग ऋतुराज उठला. आपली खुर्ची उचलली, रत्नदीपच्या अगदी समोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. त्याच्या डोळ्यांत बघून, सावकाश, पण आवाज न चढवता म्हणाला —

‘काका, मी ऋतुराज. मला क्षिप्राशी लग्न करायचंय. ते विचारायला आलोय आम्ही.’

रत्नदीप त्याच्या ओठांकडे बघत होता. मग त्याने क्षिप्राकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘लग्न?’ म्हणाला.

त्यानंतर पाहुणे फार बसले नाहीत. पेढ्यांचा पुडा कुणी उघडला नाही. क्षिप्रा संध्याकाळच्या गाडीने परत गेली. दारात मला एवढंच म्हणाली, ‘आई, तू मला फोटो पाठवला होतास.’

१६ डिसेंबर

आज दोघांनीही रजा टाकली. सकाळी तो म्हणाला, ‘सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.’

मी म्हटलं, मी सांगितलं होतं तुम्हाला. गॅलरीत, फोटो काढताना. तुम्ही हसलात!

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आता मला दिसतंय, तो डोळ्यांकडे बघतच नाही; किती वर्षं बघत नाही कोण जाणे. म्हणाला, ‘गॅलरीत तू कधी बोलतेस? तुझ्या तोंडासमोर तर कॅमेरा असतो.’



मग तोच सांगत गेला. सरळ, हिशोब दिल्यासारखा. उजवा कान जाऊन बरीच वर्षं झाली, डावाही जातोय. प्रेस शॉपमध्ये पत्र्यावर मशीन आपटत असतं दिवसभर, पंचवीस वर्षं त्यात काढली. कंपनीच्या तपासणीत आलं होतं, त्याने कागद घरी आणला नाही. समोरून बोललं तर ओठांवरून कळतं. अंधारात कळत नाही. मास्कच्या काळात काहीच कळायचं नाही — तेव्हा तो किती चिडका झालेला! मी म्हणायचे, घरात बसून डोकं फिरलंय याचं.

मी विचारलं, मग हसत का होतात?

‘मला वाटायचं, तू नुसती बघतेस. आठवड्यातून तेवढाच वेळ कुणी मला काही विचारत नाही. ऐकण्यासाठी जीव काढावा लागत नाही. तू लांब उभी राहून इतका वेळ माझ्याकडे बघतेस, काही न बोलता. म्हणून हसायचो.’

काही न बोलता.

१७ डिसेंबर

कॉम्प्युटरवर सगळे फोटो उघडून बसले. एकेक मोठा करून बघितला. इथे मी म्हटलं होतं, एकटं वाटतं. हसतोय. इथे म्हटलं होतं, तुमची आठवण येते. हसतोय. इथे म्हटलं, हनुवटी खाली घ्या. हसतोय.

हात लागावा म्हणून मुद्दाम करत नव्हता.

सात आठवडे मी त्याच्या पापण्यांवर फोकस धरला. एकेक केस मोजता येईल इतका. आणि विहारात मागच्या रांगेत का बसतो, बेल वाजल्यावर का उठत नाही, गर्दीत हात का सोडत नाही — यातलं काही दिसलं नाही मला. मी मागचं सगळं धूसर करत होते ना. सुंदर दिसावं म्हणून.

२१ डिसेंबर, शनिवार

कानाच्या डॉक्टरकडे गेलो, स्टेशनजवळ. काचेच्या खोलीत बसवलं त्याला. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेर, काचेला नाक लावून. तपासणाऱ्या मुलीने आवाज पाठवला, वाढवला, आणखी वाढवला. त्याने बटण दाबलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि हसला.

मी तोंड फिरवून पर्समध्ये रुमाल शोधू लागले. त्या मुलीला वाटलं, मला फोन आला.

परत येताना रिक्षात त्याला विचारलं, समोर वाकून, नीट तोंड दिसेल असं — मला का नाही सांगितलंत?  मग जिना चढताना, मधल्या कठड्याला टेकून म्हणाला, ‘माझ्या बाबांचं आठवतं ना. आंबिवलीला. सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचे. आईसुद्धा. भात वाढू का, हेही ओरडून. मला लहानपणी वाटायचं, घरातले सगळे त्यांच्यावर रागावलेत.’ पुन्हा चढायला लागता लागता म्हणाला, ‘तू माझ्याशी ओरडून बोलायला नको होतीस.’

डाळीच्या दिवशी मी ओरडले होते. त्या दिवशी त्याला माझं सगळं ऐकू आलं असेल. आळशी, दगड — तेवढं सगळं.

२५ डिसेंबर

क्षिप्रा सुट्टी असून आली नाही. फोनवर म्हणाली, ‘मी बाळकुमच्या लोकांना म्हणाले, माझ्या बाबांनी हो म्हटलंय. छाती फुगवून म्हणाले. आता ऋतुराजची आई रोज विचारते, मग काय ठरलं. काय सांगू? तो फोटो अजून माझ्या फोनवर आहे, काढवत नाही.’

 तिचा राग बाबांवर नाही. माझ्यावर आहे. बरोबर आहे.

२९ डिसेंबर, रविवार

तिरपं ऊन आलं आणि गेलं. कॅमेरा कपाटात.

लग्नाबद्दल विचारलं त्याला, समोर बसून. ‘अजून काही सांगत नाही,’ म्हणाला. ‘एकदा घाईत सांगितलं होतं, समीक्षाचं काय झालं बघितलं ना.’ रागावून नाही. मी पुढे विचारलं नाही. आधी त्याला न विचारता त्याचं उत्तर मी गावभर वाटून आले. आता घाई करायला मला तोंड आहे का?

४ जानेवारी, शनिवार

मशीन आलं. दोन्ही कानांना. शेंगदाण्याएवढं, मागे लपतं.

घरी येईपर्यंत त्याला रस्ता सहन होईना. रिक्षात कान दाबून बसला. घरात आल्यावर मात्र हळूहळू फिरला. पंख्याखाली उभा राहिला. नळ सोडून बघितला. स्वतःच्या चपला वाजवून बघितल्या, पुन्हा पुन्हा, लहान मुलासारख्या. मग माझ्याकडे वळला.

‘बोल काहीतरी.’

इतकं बोलायचं होतं. म्हटलं, पोहे करू का?

तो ऐकत राहिला, शब्द संपल्यावरही. म्हणाला, ‘जाड झाला तुझा आवाज. माझ्या डोक्यात अजून लग्नातलाच होता.’

मी ओट्याकडे वळून कांदा चिरायला घेतला, म्हणजे कारण राहील.

१२ जानेवारी, रविवार

त्याने स्वतः ऋतुराजला फोन केला! स्वतः, मशीन लावून, फोन कानाला धरून. म्हणाला, ये. एकटा ये, आई-वडील नकोत, क्षिप्रा नको.

तो आला. दोघं गॅलरीत बसले आणि रत्नदीपने काचेचं दार ओढून घेतलं. मी स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ टेकून. माझ्या फोटोच्या जागी. मध्ये अख्खा हॉल.

एक शब्द ऐकू आला नाही. नुसते ओठ हलताना दिसत होते. रत्नदीप बरंच बोलला. समीक्षाचं बोलला असणार, कारण मध्येच हाताने कपासारखा आकार केला आणि तो लांब, एका बाजूला ठेवला. ऋतुराजने मान खाली घातली. मग तो बोलला. रत्नदीप पुढे झुकून ऐकत होता. कपाळाला आठ्या, तोंड अर्धवट उघडं, डोळे बारीक केलेले. एकदाही हसला नाही. काय दिसत होता! म्हातारा, दमलेला, ओबडधोबड.

माझ्या नवऱ्याचा ऐकतानाचा चेहरा असा असतो. मी तो आज पहिल्यांदा बघितला.

ऋतुराज जाताना माझ्या पाया पडला. मी विचारलं, काय झालं? ‘काकांनाच विचारा,’ म्हणाला. शहाणा आहे.

१९ जानेवारी, रविवार

आज म्हणाला, ‘क्षिप्राला सांग, हो. नाहीतर थांब, मीच सांगतो.’ त्याने फोन केला. तिकडून रडणं मलासुद्धा ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर मी त्याचा हात धरला. म्हटलं, माझं चुकलं. तो माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांत बघून म्हणाला —

‘त्या दिवशी ऐकू आलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, रचना. तिथल्या तिथे. आणि नंतर बदललं नसतं.’

मग कानांतली मशीनं काढली, डबीत ठेवली, गॅलरीत जाऊन खुर्चीत बसला. ऊन तिरपं आलं होतं. माझ्याकडे बघून हसला.

मी कपाटातून कॅमेरा आणला, ओट्याला पाठ टेकली. काही बोलले नाही.